आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) लग्नाआधी दातांना व्हेनियर? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की खान्देशातल्या दातांच्या दवाखान्यांत एक मागणी वाढते. "डॉक्टर, लग्नाला पंधरा दिवस राहिले, समोरच्या दातांना व्हेनियर बसवून द्या." जळगाव असो, धुळं असो की शहादा, घाई तीच. मोबाइलमध्ये कुणाचं तरी हसू दाखवतात आणि तसंच हवं म्हणतात. व्हेनियर हा चांगला उपचार आहे. नीट बसवला तर बरेचदा 10 ते 15 वर्षं टिकतो. पण तो फसतो तेव्हा चूक बहुतेक वेळा दाताला मशीन लागण्याच्या आधीच झालेली असते. म्हणून मी आधीच्याच चुकांवर जास्त बोलणार आहे.

व्हेनियर म्हणजे साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर जाडीचा पोर्सिलेनचा पापुद्रा. तो दाताच्या फक्त पुढच्या बाजूला, कधी टोकावरून थोडा आत वळवून चिकटवतात. एवढी पातळ वस्तू चावताना टिकते ती चिकटण्याच्या जोरावर. दाताच्या इनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या टणक थरावर, फॉस्फोरिक आम्लाचा जेल लावला की पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि त्यात रेझिन (चिकटवणारा द्रव, जो नंतर कडक होतो) रुतून बसतं. ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली. पोर्सिलेनची आतली बाजूही वेगळ्या आम्लाने अशीच खडबडीत करून चिकटवता येते, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जमलं, आणि तिथून आजचा व्हेनियर आला. ही पकड इनॅमलवर उत्तम असते. त्याखालच्या मऊ थरावर, डेंटिनवर, ती कमकुवत पडते. इनॅमल हिरडीजवळ आधीच पातळ असतं आणि एकदा घासून काढलं की पुन्हा येत नाही. पुढची जवळजवळ प्रत्येक चूक याच एका गोष्टीशी जोडलेली आहे.

व्हेनियर सांगून कॅप बसवून घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "सहा दातांचं स्माइल डिझाइन" असं ठरतं, आणि प्रत्यक्षात सहाही चांगले दात चारही बाजूंनी घासून खुंटासारखे केले जातात, कधी त्यांचं रूट कॅनालही होतं आणि वर कॅप येतात. पेशंटला वाटतं, व्हेनियर झालं. व्हेनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला साधारण 3 ते 30 टक्के भाग जातो. पूर्ण कॅपसाठी 60 ते 70 टक्क्यांच्या आसपास. कॅप वाईट नाही. खूप किडलेल्या, मोठं फिलिंग असलेल्या किंवा रूट कॅनाल झालेल्या दाताला तीच लागते. पण पंचविशीतल्या मुलीचे निरोगी दात केवळ रंगासाठी त्या पातळीपर्यंत घासणं मला मान्य नाही.

म्हणून आधीच विचारा: दात किती घासणार? मागच्या बाजूने घासणार का? रूट कॅनाल लागेल असं का वाटतं? मटेरियल कुठलं, पोर्सिलेन की काँपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल)? काँपोझिटचा व्हेनियर स्वस्त असतो, बहुतेक वेळा दात जवळपास न घासता बसतो आणि दुरुस्तही पटकन होतो, पण रंग लवकर धरतो आणि कमी वर्षं चालतो. दोन्हींना आपापली जागा आहे. काय बसवलं ते बिलावर लिहून घ्या.

डागांवर थेट व्हेनियर मागणं

चहा, तंबाखू, मिश्री, सुपारीचे डाग वरवरचे असतात. त्यातले बरेच स्केलिंग (दात खरवडून साफ करणं) आणि पॉलिशिंगने निघतात. पिवळेपणा राहिला तर ब्लीचिंग आहे. हे करून पाहिल्याशिवाय इनॅमलला हात लावू नये. ब्लीचिंग करायचंच असेल तर ते व्हेनियरच्या आधी, कारण पोर्सिलेनचा रंग नंतर ब्लीचिंगने बदलत नाही. आणि ब्लीचिंग झाल्यावर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर चिकटवण कमजोर होते.

फ्लोरोसिसचं थोडं वेगळं आहे. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल आणि मूल पहिली सात-आठ वर्षं तेच पाणी प्यायलं असेल, तर दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येऊ शकतात. अशा मुलामुलींना शाळेत चिडवतात, लग्न जमवताना बोलतात. त्यांची तळमळ मला कळते. सौम्य डाग मायक्रोअॅब्रेजनने (वरचा डागाळलेला थर अगदी हलका घासून), ब्लीचिंगने किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशनने (डागात पातळ रेझिन मुरवून) बरेच कमी होतात. डाग गडद असतील तर व्हेनियर खरंच उपयोगी पडतो. पण फ्लोरोसिसचं इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, त्यामुळे अशा दातांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडेच जावं. धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. मोठ्या खर्चाआधी तिथल्या प्रोस्थोडॉन्टिस्टचं (कॅप, व्हेनियर, कवळीच्या तज्ज्ञाचं) दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही.

तारीख आधी, तोंड नंतर

लग्न आखाजीच्या सुमारास असेल तर पौष-माघातच दाखवायला या. आधी स्केलिंग, सुजलेल्या हिरड्या बऱ्या होणं, किडलेले दात भरणं, लागलं तर ब्लीचिंग. मग मोजमाप, मेणाचा नमुना, दात तयार करणं, तात्पुरतं आवरण, लॅबमधून काम येणं, ट्रायल आणि शेवटी चिकटवणं. रक्त येणाऱ्या हिरड्यांजवळ व्हेनियर चिकटवला तर ओलावा आत जातो, पकड बिघडते, आणि सूज उतरल्यावर हिरडी वर सरकून कडेची रेघ दिसू लागते. पंधरा दिवसांत हे सगळं धावपळीने उरकणारा दवाखाना सापडेलही. तो टाळा.

दात वेडेवाकडे असतील तर आधी तारांचं किंवा अलाइनरचं (दात सरळ करणाऱ्या पारदर्शक साच्यांचं) बघा. वाकडा दात व्हेनियरने सरळ दिसावा म्हणून एका बाजूने फार खोल घासावा लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शक्यतो थांबवतो. त्या वयात दाताची नस मोठी असते आणि हिरडीची पातळीही अजून बदलत असते.

ट्रायल न पाहता होकार देणं

मेणाच्या नमुन्यावरून तुमच्याच दातांवर तात्पुरता मॉक-अप लावून दाखवता येतो. तो लावून बोला, हसा, घरच्यांना दाखवा. स, फ, व हे उच्चार नीट येतात का ते बघा. रंग ठरवताना दवाखान्याच्या ट्यूबलाइटवर विसंबू नका, दारात उजेडात उभे राहा. सगळ्यात पांढरी शेड मागणारे खूप असतात. सावळ्या चेहऱ्यावर आणि शेजारच्या नैसर्गिक दातांत ती खुपते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाच्या जवळपासची शेड बहुतेकांना शोभते. एकदा पक्कं चिकटवलं की रंग बदलण्याचा मार्ग एकच: व्हेनियर कापून काढणं.

झोपेत दात खाणाऱ्यांनी ते लपवणं

सकाळी जबडा दुखतो, दातांची टोकं सपाट झालीत, घरचे म्हणतात रात्री दात कडकड वाजतात. हे डॉक्टरांना आधीच सांगा. अशांना व्हेनियर बसतो, पण रात्रीचा नाइट गार्ड (दातांवर घालायचं संरक्षक आवरण) कायम लावावा लागतो. तो लावणार नसाल तर पैसे वाचवा.

ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायची प्लास्टिकची बत्तीशी किंवा ब्युटी पार्लरमधलं "व्हेनियर", यांच्याबद्दल एवढंच: महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी नसलेल्या माणसाला दाताला हात लावू देऊ नका.

बसवल्यानंतर

कळण्याची भाकरी, शेवभाजी, वांग्याचं भरीत, खापरावरचे मांडे सगळं खा. मात्र ऊस समोरच्या दातांनी सोलू नका, सुपारी फोडू नका, कडक बट्टीचा लचका तोडू नका, बाटलीचं झाकण तर नाहीच नाही. पोर्सिलेनवर डाग सहसा धरत नाहीत, पण त्याच्या कडेच्या सिमेंटवर धरतात. मिश्री, गुटखा, तंबाखू चालू राहिले तर वर्षा-दोन वर्षांत कडेला तपकिरी रेघ दिसू शकते, आणि ती तर या सवयींची सगळ्यात किरकोळ किंमत. राखुंडीसारखी भरड पूड बंद, मऊ ब्रश सुरू. दवाखान्यात फ्लोराइड लावणार असतील तर व्हेनियर असल्याचं सांगा. आम्लयुक्त फ्लोराइड जेलने पोर्सिलेनची चकाकी जाते, न्यूट्रल जेल लावतात.

काही बिनसलं तर

थंड-गरम झोंबणं पहिले काही दिवस, कधी काही आठवडे राहू शकतं. हळूहळू कमी होत असेल तर घाबरू नका. रात्री आपोआप ठणकत असेल, किंवा गरम चहानंतर कळ बराच वेळ टिकत असेल, तर नसेला त्रास झालाय, लगेच दाखवा.

दात मिटताना एकच दात आधी टेकतोय असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून महिना काढू नका. त्याच आठवड्यात चावा जुळवून घ्या, नाहीतर तिथूनच तडा जातो. एकाच जागी हिरडी लाल राहून रक्त येत असेल तर बहुतेकदा जास्तीचं सिमेंट आत राहिलेलं असतं. ते काढलं की हिरडी बसते. छोटा टवका उडाला तर पॉलिश करून किंवा काँपोझिट लावून भागतं, मोठा असेल तर नवा व्हेनियर.

आणि व्हेनियर अख्खा सुटून हातात आला तर तो टाकू नका, फेविक्विकने चिकटवूही नका. घरगुती गोंदाचा थर आत बसला की व्हेनियर पुन्हा नीट चिकटवणं अवघड होतं. पाण्याने धुवा, छोट्या डबीत ठेवा, त्या बाजूने चावणं थांबवा आणि एक-दोन दिवसांत ज्यांनी बसवला त्यांच्याकडे न्या. तुटलेला नसेल तर बरेचदा तोच साफ करून परत बसवता येतो. सुटण्याचं कारण मात्र त्यांना विचाराच. खाली इनॅमल उरलंय की डेंटिन उघडं पडलंय, यावर तो किती दिवस राहील हे ठरतं.