महाधमनीची शस्त्रक्रिया करताना मोठ्या आतड्याबाबत या चुका टाळा

पोटातल्या महाधमनीचा फुगवटा उघडून ग्राफ्ट (कृत्रिम नळी) बसवताना लक्ष असतं रक्तस्रावाकडे, किडनीकडे आणि पायांच्या नाडीकडे. डावं मोठं आतडं विसरलं जातं. नियोजित ओपन शस्त्रक्रियेनंतर साधारण १ ते ३ टक्के रुग्णांत त्याचा रक्तपुरवठा तुटतो. फुगवटा फुटून आलेल्यांत कितीतरी जास्त. आतडं आरपार सडलं तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

या आतड्याला रक्त वरून एसएमए (आतड्यांची वरची धमनी), मधून आयएमए (आतड्यांची खालची धमनी) आणि खालून दोन्ही इंटर्नल इलियाक (ओटीपोटातल्या) धमन्या देतात. यातली एक बंद करण्याआधी बाकीच्या उघड्या आहेत याची खात्री करा.

सगळ्यात घातक चूक शस्त्रक्रियेआधीच होते: सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) फुगवट्याचं माप घेतात, एसएमएचं मुख पाहतच नाहीत. आतड्याच्या पडद्यात जाड, नागमोडी धमनी दिसली तर थांबा. एसएमए अरुंद असेल तर रक्त आयएमएकडून वर चढत असतं, आणि आयएमए बांधल्यावर लहान आतडंही जातं. आधी आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत ड्रमंडची मार्जिनल धमनी (मोठ्या आतड्याच्या कडेने जाणारी, हे पुरवठे जोडणारी) तुटलेली असू शकते. प्लीहेजवळच्या वळणावर, ग्रिफिथच्या बिंदूपाशी, ती तशीही अनेकांत बारीकच असते. स्टेंटग्राफ्टने (पोट न उघडता धमनीच्या आतून बसवलेल्या नळीने) आयएमएचं मुख झाकलंच जातं, म्हणून तिथे हे वाचन आणखी काटेकोर हवं.

आयएमए महाधमनीपासून लांब बांधू नका, वर जाणारी डावी कोलिक शाखा जाते. फुगवट्याच्या आतूनच मुखाला टाका घाला. मात्र त्याआधी उलटं येणारं रक्त पाहा. जोरात येत असेल तर बांधायला हरकत नाही. धमनी उघडी असूनही रक्त जेमतेम झिरपत असेल, किंवा स्टंपचा (धमनीच्या उरलेल्या टोकाचा) दाब पाऱ्याच्या ४० मिमीपेक्षा कमी असेल, तर भिंतीच्या छोट्या चकतीसह ती ग्राफ्टला जोडा. क्लॅम्प (महाधमनीवरचा चिमटा) काढून रक्तदाब सावरल्यावर आतडं पुन्हा पाहा, डॉप्लर (रक्तप्रवाह तपासणारं यंत्र) लावा. बाहेरून गुलाबी दिसलं म्हणून आतलं अस्तर सुरक्षित आहे असं मानू नका.

इंटर्नल इलियाक शक्यतो दोन्ही राखा, निदान एक तरी नक्की. दोन्ही गेल्यास चालताना नितंब दुखतात, लैंगिक क्षमता जाते, गुदाशयही धोक्यात येतो. मांडीतल्या प्रोफंडा या खोल धमनीच्या फांद्याही ओटीपोटाला रक्त पोचवतात, त्यामुळे जांघेत काम करताना तिला जपा.

वॉर्डातली चूक मला सर्वांत जास्त सलते. पहिल्या २४ ते ४८ तासांत पातळ शौचाला झाली की ‘पोट सुरू झालं’ म्हणून सगळे खूश होतात. इतक्या लवकर झालेले जुलाब, रक्त नसलं तरी, इस्केमिया (रक्तपुरवठा तुटणं) समजा. रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढतंय, सलाइन विनाकारण जास्त लागतंय, पोट फुगतंय, तर सिग्मॉइडोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं पाहणं) त्याच दिवशी, खाटेजवळच करा. अस्तर ठिकठिकाणी फिकट असेल तर तोंडाने काही न देता, अँटिबायोटिक आणि सलाइनवर ठेवून पुन्हा स्कोप करा. काळं पडलं असेल तर पोट उघडा, तेवढं आतडं काढा आणि कोलोस्टॉमी (आतड्याचं तोंड पोटावर उघडणं) करा. शेजारी नवा ग्राफ्ट असताना तिथे आतड्याची जोडणी करू नका.