ड्रे-स्नूपच्या हाफटाइम शोवरच्या प्रतिक्रिया वाचायच्या कशा

२०२२च्या सुपर बोलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या मध्यंतरातला, तो हाफटाइम शो आठवतोय ना, डॉ. ड्रे, स्नूप डॉग, एमिनेम, मेरी जे. ब्लाइज, केंड्रिक लामार आणि मधेच उलटा लटकलेला फिफ्टी सेंट. त्यावर लोक अजून भांडतायत. एक म्हणतो आजवरचा बेस्ट, दुसरा म्हणतो म्हाताऱ्यांचं गॅदरिंग होतं, तिसरा म्हणतो मला तर रडूच आलं राव. नवीन माणूस हे सगळं वाचून गोंधळतो आणि शेवटी जिकडे लाइक जास्त तिकडे जाऊन बसतो. तसं करू नका. एक संध्याकाळ आणि एक कागद एवढंच लागतं, पद्धत सांगतो.

आधी काहीही वाचू नका, शो बघा. साधारण १४ मिनिटांचा आहे, एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) यूट्यूब चॅनलवर आहे, हेडफोन लावा आणि मधे न थांबता बघा. कुठे अंगावर काटा आला, कुठे कंटाळा आला, कुठे 'हे काय चाललंय' वाटलं ते मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहा, आणि नंतर लाज वाटली तरी खोडू नका. हे आधीच करायचं कारण म्हणजे एकदा दुसऱ्यांचं वाचलं की त्यांना जे वाटलं तेच आपल्यालाही वाटलं होतं असं आपण अगदी प्रामाणिकपणे समजायला लागतो.

मग गाण्यांची वर्षं लिहून काढा, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. कॅलिफोर्निया लव्ह १९९५, स्टिल डी.आर.ई. १९९९, फॅमिली अफेअर २००१, लूज युवरसेल्फ २००२, इन दा क्लब २००३, आणि केंड्रिकचं ऑलराइट एकदम २०१५. आता कोणी भरभरून लिहिलं असेल तर त्याचं वय अंदाजाने काढा आणि तो माणूस त्या वर्षी किती वर्षांचा असेल ते बघा. २०२२मध्ये चाळिशीचा असलेला १९९९ला सतरा वर्षांचा, म्हणजे ज्या वयात ऐकलेलं गाणं जन्मभर सुटत नाही नेमकं ते वय. तो शोला मार्क देतच नाहीये, तो स्वतःच्या सतराव्या वर्षाबद्दल बोलतोय. आपल्याकडेही २००३-०४ला कॉलेजात असलेल्यांनी इन दा क्लब बर्न केलेल्या सीडीवर नाहीतर सायबर कॅफेतून आणलेल्या एमपीथ्रीवर ऐकलंय, अर्धे शब्द कळत नव्हते तरी होस्टेल दणाणून जायचं, त्यामुळे १४ फेब्रुवारीच्या सोमवारी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला ऑफिसची तयारी सोडून शो बघणाऱ्याचा आनंद खोटा नव्हता. आणि वीस वर्षांच्या पोरीने 'छान होतं पण एवढं काय त्यात' लिहिलं तर तेही खोटं नाही, तिच्या जन्माच्या आसपासची गाणी आहेत ती.

वयानंतर गाव बघा. सामना इंगलवुडच्या सोफाय स्टेडियममध्ये होता, लॉस एंजेलिसला लागून, आणि ड्रे आणि केंड्रिक दोघंही जवळच्याच कॉम्प्टनचे. त्यात खेळत होता लॉस एंजेलिसचाच संघ रॅम्स, त्यांचं घरचंच मैदान, आणि २३-२०ने जिंकलेही तेच. मैदानात पांढऱ्या घरांचा सेट होता, खाली कॉम्प्टनचा नकाशा अंथरलेला, एका घरावर टॅम्स बर्गर्सची पाटी. बाहेरच्याला ती पाटी म्हणजे सजावट. तिथे वाढलेल्याला मात्र आपलं गल्लीतलं दुकान सुपर बोलच्या मधोमध दिसलं, तेही ज्या गावाचं नाव टीव्हीवर इतकी वर्षं फक्त गोळीबार आणि गँग यासाठीच यायचं त्या गावाचं. लॉस एंजेलिसवाल्यांच्या प्रतिक्रियेत गाण्यापेक्षा गावच जास्त सापडतं ते यामुळे. मुंबईवाला ज्या सुरात लालबागबद्दल बोलतो तोच सूर.

आता एक ठरावीक जागा निवडा आणि फक्त तिच्यावर लोक काय म्हणाले ते शोधा, अख्ख्या शोवरच्या मतांपेक्षा हे कितीतरी कामाचं. माझी आवडती जागा म्हणजे एमिनेमचं गाणं संपल्यावरचे काही सेकंद. तो एका गुडघ्यावर बसतो, डोकं हाताला टेकवतो, आणि बाजूला ड्रे पियानोवर थोडीशी धून वाजवतो. अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्याला तो गुडघा दिसला की २०१६चा फुटबॉल खेळाडू कॉलिन केपर्निक आठवतो, पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या छळाविरोधात राष्ट्रगीताच्या वेळी तो गुडघ्यावर बसायचा, त्यावरून देश दोन भागात भांडला होता, म्हणून इथे एक गट टाळ्या वाजवतो आणि दुसरा 'खेळात राजकारण आणलं' म्हणून टीव्ही बंद करतो. पण त्याच सेकंदाला जुन्या चाहत्याचं लक्ष पियानोवर असतं, कारण ती धून रॅपर टुपाकच्या आय एन्ट मॅड ॲट चा या गाण्याची आहे, आणि टुपाक १९९६ला लास वेगासमध्ये गोळ्या लागून गेला, पंचवीस वर्षांचा होता. त्या चाहत्याला गुडघा वगैरे दिसलाच नसेल कदाचित, तो मित्र गेल्यासारखा बसलाय. एकाच फ्रेमवर राग, कौतुक आणि शोक, आणि तिघंही एकमेकांना 'तू नीट बघितलंच नाहीस' म्हणतायत.

फिफ्टी सेंटची जागा पण करून बघा, सोपी आहे. इन दा क्लबचा २००३चा व्हिडिओ बघितलेल्याला उलटं लटकणं म्हणजे त्याच व्हिडिओची आठवण, बाकीच्यांना वाटलं हे काका वटवाघळासारखे का लटकलेत. मग वजनावरून मीम्स. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने सत्तावीसचं दिसावं ही अपेक्षा करणारे बहुतेक लोक स्वतः चाळिशीचेच असतात, हे माझं निरीक्षण.

रागाच्या प्रतिक्रिया गाळू नका, पण राग कुठल्या बाजूने येतोय ते नोंदवा. ड्रेने पोलीस आवडत नाहीत अशी ओळ तशीच म्हटली, केंड्रिकच्या गाण्यातला पोलिसांवरचा तिखट शब्द मात्र ऐकू आला नाही. त्यामुळे एक बाजू म्हणते कुटुंबासोबत बघायच्या कार्यक्रमात हे कशाला, आणि दुसरी म्हणते एवढं मिळमिळीत करायचं होतं तर रॅप बोलावलाच कशाला. वरवर वाचलं तर दोघं सारखेच चिडलेले दिसतात. कर्णबधिर प्रेक्षकांची तक्रार वेगळीच होती, शॉन फोर्ब्स आणि वावा या दोन कर्णबधिर रॅपरांनी पहिल्यांदाच हाफटाइममध्ये सांकेतिक भाषेत गाणी केली, पण मुख्य प्रक्षेपणात ते जवळजवळ दिसलेच नाहीत.

स्टेडियममधून काढलेले मोबाइलचे व्हिडिओ आणि टीव्हीवर बघितलेल्यांची मतं एकत्र करू नका. टीव्हीचा कॅमेरा त्या घरांच्या आत शिरतो, जिना चढतो, चेहऱ्यापर्यंत जातो, वरच्या रांगेतल्या माणसाला लांबून ठिपके दिसतात. आणि टीव्हीवर ऐकू येणारा गर्दीचा आवाज मिक्स केलेला असतो, त्यावरून 'पब्लिक थंड होतं' किंवा 'पब्लिक वेडं झालं' असं काही ठरवता येत नाही.

शेवटचं म्हणजे तारीख बघा. त्याच रात्रीची प्रतिक्रिया वेगळी, त्याच वर्षी शोला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाल्यानंतरची वेगळी, तेव्हा बरेच जण 'मी तर आधीच म्हणत होतो' मोडमध्ये गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंड्रिक न्यू ऑर्लिन्सला मुख्य कलाकार म्हणून आला, त्यानंतरची मतं तर वेगळ्या ढिगात ठेवा, कारण ती २०२२बद्दल कमी आणि तुलनेबद्दल जास्त असतात. हे सगळं झालं की सुरुवातीचा आपला कागद काढा आणि तेच प्रश्न स्वतःला लावा, त्या वर्षी आपण कुठे होतो, कुठल्या गावचे, काय माहीत होतं आणि काय नव्हतं.

माझ्या कागदावर त्या पियानोच्या जागी लिहिलंय, 'इथे बोअर, ब्रेक घेतला वाटतं'.