रेडिओ-टीव्ही पुरस्कारांसाठी प्रवेशिका कशी तयार करायची

वर्षभर उत्तम काम करणारी माणसं पहिल्याच फेरीत गळतात आणि त्याचं कारण बहुतेक वेळा कामात नसतं, प्रवेशिकेत असतं. परीक्षकाला तुमचा वर्षभराचा कार्यक्रम ऐकायला मिळत नाही. त्याच्यापुढे असते एक छोटी फाईल, एक पान मजकूर आणि तशाच आणखी कितीतरी प्रवेशिका. शिवाय तो दुसऱ्या गावचा, कधी दुसऱ्या भाषेचाही. म्हणजे हे मुळात निवडीचं काम आहे, आणि ते मुदतीच्या आठवड्यात सुरू केलं तर निवडायला हाताशी काही उरलेलंच नसतं.

कौल कोण देणार, ते आधी बघा

नियमावलीतलं परीक्षणाचं पान सगळ्यात आधी वाचा. अमेरिकेतला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार जानेवारी १९४९ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. त्यात अभिनयाला मतं देतात ती अभिनयाच्या व्यवसायातलीच माणसं. ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीच्या लोगी पुरस्कारांमधला सर्वांत मानाचा गोल्ड लोगी जनतेच्या मतांवर ठरतो. पीबॉडी पुरस्कार अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाशी जोडलेले आहेत, १९४१ मध्ये ते रेडिओच्या कामासाठी पहिल्यांदा दिले गेले, आणि तिथे परीक्षक मंडळाचं एकमत व्हावं लागतं.

या तिन्हीकडे एकच पाकीट पाठवणं म्हणजे शुल्क वाया घालवणं. जनमतावरच्या पुरस्कारासाठी फाईल घासूनपुसून फारसं काही हाती लागत नाही. तिथे श्रोत्यांना मत कसं द्यायचं ते सोप्या शब्दांत सांगावं लागतं (आणि प्रसारणातून तसं आवाहन करायला परवानगी आहे का, हेही आधी तपासावं लागतं). व्यवसायातल्या माणसांना कसब दिसतं: अडखळलेला पाहुणा निवेदकाने कसा सावरून घेतला, संवाद नसताना नट काय करत होता. पीबॉडीसारख्या मंडळाचा पहिला प्रश्न असतो, ही गोष्ट सांगणं गरजेचं का होतं? तिथे निवेदकाच्या गोड आवाजाची बाजू मांडून उपयोग नाही.

मग तारखा. पात्रतेचा काळ कॅलेंडरच्या वर्षाप्रमाणे असेलच असं नाही. प्राइमटाइम एमीचं (म्हणजे संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या कार्यक्रमांच्या एमीचं) वर्ष १ जून ते ३१ मे असं धरलं जातं. सहसा पहिल्या प्रसारणाची तारीख मोजली जाते, पुनःप्रसारणाची नाही. कामाचा एखादा तुकडा या खिडकीच्या एक दिवस बाहेर गेला, तरी तो कितीही चांगला असला तरी बाद.

गट निवडताना एकच प्रश्न विचारा: या गटात परीक्षक नेमके कुणाच्या कामाला गुण देणार? निवेदकाच्या गटात मुलाखत पाठवली आणि पाच मिनिटांपैकी साडेतीन मिनिटं पाहुणाच बोलला, तर छाप पाहुण्याची पडते, पुरस्कार कुणालाच मिळत नाही. हीच मुलाखत संशोधनाच्या किंवा निर्मितीच्या गटात चालू शकते, पण फाईल वेगळी कापावी लागते. अभिनयात प्रमुख, सहायक आणि पाहुणा कलाकार यांच्या सीमारेषा नियमाने आखलेल्या असतात. एमीमध्ये पाहुण्या कलाकाराने पात्र भागांपैकी निम्म्याहून कमी भागांत दिसावं लागतं. भाग मोजा, अंदाज करू नका.

साहित्य वर्षभर जमवत राहा

केंद्रावरचा लॉगर सगळं प्रसारण नोंदवतो, पण कायमचं ठेवत नाही. ब्रिटनमध्ये परवानाधारक रेडिओ केंद्रांना ४२ दिवसांचं ध्वनिमुद्रण ठेवावं लागतं. त्यापुढे ते पुसलं गेलं तर तक्रार करता येत नाही. तुमच्या केंद्राची मुदत विचारून घ्या. दुसरी अडचण दर्जाची. जागा वाचवण्यासाठी लॉगर बहुधा कमी बिटरेटवर, म्हणजे आवाजाचा तपशील कमी ठेवून, नोंदवतो. ती फाईल कापून पुन्हा एमपी३ केली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. हे नंतर दुरुस्त होत नाही.

म्हणून स्टुडिओतल्या मिक्सरच्या आउटपुटवरून वेगळी नोंद ठेवा: वेव्ह फाईल (आवाज न दाबता ठेवणारी), ४८ किलोहर्ट्झ, शक्यतो २४ बिट. बऱ्याच ठिकाणी स्किमर असतो, म्हणजे मायक्रोफोन उघडला की आपोआप सुरू होणारं आणि बंद झाला की थांबणारं ध्वनिमुद्रण. तो सोयीचा आहे, पण गाण्याचे शेवटचे सेकंद त्यात कापले जातात आणि गाणं सुरू असताना फोनवर झालेलं बोलणं तो घेतच नाही. आधी आणि नंतर पाच-पाच सेकंद जास्त घेण्याची सोय असेल तर ती चालू करा.

आठवड्यातून एकदा त्या आठवड्यातले दोन-तीन तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. फाईलच्या नावात तारीख, वेळ आणि दोन शब्दांत विषय असू द्या. सोबतच्या तक्त्यात चार रकाने पुरतात: काय घडलं, कोण बोललं, कुणाचं संगीत वाजलं, आणि त्या तुकड्यामुळे पुढे काही झालं का. हा शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात आणि अर्ज लिहिताना नेमकी त्याचीच उणीव भासते.

रेडिओच्या पाच मिनिटांची जोडणी

समजा नियमानुसार पाच मिनिटांची मर्यादा आहे. पंधराएक तुकडे बाजूला काढा, ओळीने ऐका, मग एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या माणसाला ऐकवा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. जिथे संदर्भ समजावून सांगावा लागला, तो तुकडा काढून टाका, तुमचा कितीही लाडका असला तरी. शेवटी चार किंवा पाच तुकडे उरले पाहिजेत. आठ-नऊ ठेवले की एकही रंगत नाही आणि ऐकणाऱ्याला ते जाहिरातीसारखं वाटतं.

सगळ्यात भक्कम तुकडा पहिला. उत्तम माल शेवटासाठी राखून ठेवायची सवय कार्यक्रमात ठीक आहे, इथे ती महागात पडते, कारण तीस सेकंदांत ऐकणाऱ्याचं मत बनायला लागतं. सुरुवातीला केंद्राची जिंगल नको, "नमस्कार, आपण ऐकत आहात" नको. एक चालण्यासारखी रचना अशी: पहिली ७५ सेकंदं अशा प्रसंगाची जिथे निवेदकाला आयत्या वेळी निर्णय घ्यावा लागला, मग ४० सेकंद हलकंफुलकं, मग श्रोत्याशी किंवा पाहुण्याशी झालेला दीड मिनिटाचा सलग संवाद, मग रोजच्या पद्धतीचं साधं, नेटकं निवेदन अर्ध्या मिनिटाचं, आणि उरलेल्या जेमतेम मिनिटात भावनेचा किंवा गमतीचा एक पूर्ण प्रसंग. साधं निवेदन वगळू नका. ते ऐकून परीक्षकाला कळतं की बाकीचे चार प्रसंग नशिबाने जुळून आलेले नाहीत.

गाणी पूर्ण ठेवायची नसतात. आधीच्या गाण्याचे शेवटचे तीन-चार सेकंद आणि पुढच्या गाण्याचे पहिले दोन-तीन ठेवा, म्हणजे निवेदक गाण्यावर कसा उतरला आणि बोल सुरू व्हायच्या आत कसा बाहेर पडला ते ऐकू येतं. दोन तुकड्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता किंवा नियमात सांगितला असेल तसा छोटा बीप द्या. जोड लपवण्यासाठी नवीन संगीत किंवा नवीन स्टिंग (एक-दोन सेकंदांची छोटी धून) टाकू नका. प्रसारित न झालेली कोणतीही गोष्ट फाईलमध्ये आली, तर बहुतेक पुरस्कार ती प्रवेशिका बाद करतात.

सर्वांत जास्त गोंधळ तुकड्याच्या आतल्या कापाकापीत होतो. अडखळणं, लांबलेला श्वास, फसलेला विनोद काढून टाकण्याचा मोह होतोच. नियमात "आतून संपादन नाही" असं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्या. अनुभवी परीक्षकाच्या कानाला असा काप लागतो: मागचा खोलीतला आवाज एकदम तुटतो, श्वास अर्धाच राहतो, हसू मध्येच थांबतं. सुरुवात आणि शेवट कुठे घ्यायचा हे मात्र तुमच्या हातात आहे. काप श्वासाच्या आधी घ्या, श्वासावर नको.

आवाजाची पातळी तुकड्या-तुकड्यात वेगळी असते, कारण एक स्टुडिओतला, एक फोनवरचा, एक रस्त्यावरचा. शिखरं (क्षणभर चढणारे सर्वांत मोठे आवाज) सारखी करून उपयोग नाही, ऐकू येणारी सरासरी पातळी सारखी करावी लागते. युरोपीय प्रसारण संघाचं मानक उणे २३ लफ्सचं आहे (लफ्स हे कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक). आयोजकांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. नुसता स्लायडर वरखाली करून काम भागत असेल तर तेवढंच करा. प्रसारणावरून घेतलेला आवाज आधीच प्रोसेसरमधून दाबून आलेला असतो. त्यावर पुन्हा कॉम्प्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजांतलं अंतर कमी करणारं साधन) लावला की दोन शब्दांमधली खरखर वर येते आणि कान थकतात.

मर्यादा ५:०० असेल तर फाईल ४:५५ वर संपवा. एमपी३ करताना काही मिलिसेकंद वाढतात, आणि अपलोडची काही संकेतस्थळं ५:०१ ची फाईल घेतच नाहीत. शेवटी ती हेडफोनवर, लॅपटॉपच्या स्पीकरवर आणि फोनवर, अशी तीनदा ऐका. फोनवर एखादा तुकडा गायब झाल्यासारखा वाटला, तर डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकत्र आल्या की एकमेकींना पुसून टाकतात. एकच बाजू घेऊन मोनो करा.

रेडिओ नाटक आणि माहितीपट यांचं गणित निराळं. १९४८ मध्ये काप्रीला केवळ रेडिओसाठी सुरू झालेला आणि १९५७ पासून टीव्हीलाही खुला झालेला इटलीतला आंतरराष्ट्रीय पुरस्कार प्री इतालिया घ्या. अशा ठिकाणी तुकडे नकोत, पूर्ण कृती ऐकली जाते.

टीव्ही: भाग कोणता पाठवायचा

एमीमध्ये अभिनयाचं नामांकन मिळालेल्या कलाकाराला एकच भाग पाठवता येतो. रडण्या-ओरडण्याचा भाग पाठवायची ओढ सगळ्यांनाच असते. त्यापेक्षा असा भाग शोधा ज्यात पात्र सुरुवातीला एका मनःस्थितीत असतं आणि शेवटी दुसऱ्याच, आणि तो बदल आधीचे भाग न पाहिलेल्यालाही कळतो. पडद्यावरचा वेळ घड्याळ लावून मोजा. भागाच्या पहिल्या सात-आठ मिनिटांत तुम्ही दिसतच नसाल, किंवा त्याच भागात सहकलाकाराचं मोठं स्वगत असेल, तर दुसरा भाग बघा.

तंत्राच्या बाजूने तीन गोष्टी बिघडतात. जुन्या प्रसारणाची इंटरलेस्ड फाईल (जिच्यात प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असतं) तशीच चढवली की हालचालीच्या कडांना आडव्या रेघा दिसतात. आधी डीइंटरलेस करा, म्हणजे ते दोन भाग एकत्र करा, मग एच.२६४ (व्हिडिओ दाबून ठेवायची प्रचलित पद्धत) मध्ये एमपी४ काढा. जाहिराती काढल्यावर जोडाच्या जागी एक सेकंद काळा पडदा ठेवा, नाहीतर प्रसंग चुकीच्या ठिकाणी उडी मारल्यासारखा वाटतो. आणि सबटायटल: दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, आणि वाचायला वेळ मिळेल एवढा काळ पडद्यावर. विनोदाचा किंवा म्हणीचा अर्थ पोचवा, शब्द नव्हे. सबटायटल चित्रावर छापलेली हवीत की वेगळ्या फाईलमध्ये, ते नियमावलीत दिलेलं असतं.

रेडिओच्या फाईलसाठी भाषांतर द्यायचं असेल तर दोन रकान्यांची संहिता करा: डावीकडे वेळ आणि मूळ शब्द, उजवीकडे भाषांतर. वेळा दिल्या नाहीत तर परीक्षक दुसऱ्याच मिनिटाला वाट चुकतो.

सोबतचा मजकूर

बहुतेक अर्जांत २०० ते ३०० शब्द मागतात. "श्रोत्यांच्या मनावर अधिराज्य गाजवणारा आगळावेगळा कार्यक्रम" या वाक्याने सुरू झालेला अर्ज वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: "पहिला तुकडा पुराच्या रात्रीचा. वीज गेलेली, नियोजित कार्यक्रम रद्द, स्टुडिओत एकच माणूस. पुढचे चार तास निवेदकाने फोनवरून आलेली प्रत्येक माहिती दुसऱ्या फोनवर पडताळून मगच प्रसारित केली." तीन वाक्यांत परिस्थिती, अडचण आणि कसब तिन्ही आलं, कौतुकाचं विशेषण एकही नाही.

आकडे द्यायचे तर कशाचे, कोणत्या काळातले आणि कुणी मोजलेले, हे तिथेच लिहा. "श्रोते दुप्पट झाले" याला आधीचा आकडा नसेल तर अर्थ नाही. फाईलमध्ये ऐकू येणारी गोष्ट मजकुरात पुन्हा सांगू नका. जी ऐकू येत नाही तीच सांगा: तयारीला किती वेळ मिळाला, संघ किती माणसांचा होता, कोणता धोका पत्करला. परीक्षण नाव झाकून होणार असेल तर मजकुरात, फाईलच्या नावात आणि फाईलच्या आतल्या माहितीतही (मेटाडेटा) नाव राहता कामा नये. ही शेवटची जागा हमखास विसरली जाते.

पाठवण्याआधी

संगीत, जुनी दृश्यं आणि बाहेरच्या वाहिनीचं साहित्य यांच्या हक्कांची परवानगी प्रसारणापुरती असते. पुरस्कार सोहळ्यात दाखवायला किंवा आयोजकांच्या संकेतस्थळावर ठेवायला ती पुरेलच असं नाही. श्रेयनामावली निर्मात्याकडून लेखी तपासून घ्या, कारण विजेत्यांची यादी जाहीर झाल्यावर बरेच आयोजक नाव वाढवू देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे घेतात.

लिंक पाठवत असाल तर ती दुसऱ्या यंत्रावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडून बघा. सात दिवसांत संपणाऱ्या तात्पुरत्या लिंकवर फाईल ठेवू नका, परीक्षण आठवडेच्या आठवडे चालतं. अपलोड मुदतीच्या दोन दिवस आधी उरका.

जोडणीचा मूळ प्रोजेक्ट आणि सुटे तुकडे निकाल लागेपर्यंत पुसू नका. अंतिम यादीत नाव आलं की आयोजक सोहळ्यात वाजवण्यासाठी दहा-वीस सेकंदांचा चांगल्या दर्जाचा तुकडा मागतात, आणि तो बहुधा दुसऱ्याच दिवशी हवा असतो.