ट्रिप ३५ : सेलशिवाय चालणारा ऑटो कॅमेरा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ऑलिंपस ट्रिप ३५ हा जुना फिल्म कॅमेरा दिसला, तर आधी लेन्सवरची रिंग 'ए'वर, म्हणजे ऑटोवर आणा, लेन्सभोवतीची जाळीदार काच तळहाताने झाका आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर यायला हवी, शटर अडायला हवं. मग उन्हाकडे वळवून दाबा. खट्ट वाजलं, तर काचेमागचं सेलेनियम, म्हणजे उजेडातून वीज बनवणारा थर, जिवंत आहे. पट्टी नाही आली, तर भाव करू नका.

हे सेलेनियमच उजेड मोजतं, म्हणून बॅटरीचा सेल लागत नाही. शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद. कॅमेरा उजेडानुसार वेग आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं ते) निवडतो. फिल्मचा एएसए, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, मात्र आपणच लावायचा, कमाल ४००.

मंगेशीची पांढरी दीपमाळ आभाळासमोर काळवंडते. त्यावर उपाय: कॅमेरा अंगणाकडे झुकवा, बटण अर्धं दाबून धरा म्हणजे उजेडाचं माप तिथेच अडकतं, तसाच वर आणा, पूर्ण दाबा. अंतर लेन्सवरच्या छोट्या चित्रांवरून लावायचं. दीपमाळेला डोंगर, जेवणाच्या पंगतीला माणसांचा घोळका.

पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये मुळीच ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल. बास.