आजारपणात प्रार्थना सुचेनाशी झाली, तर

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी वीस वर्षं गाते. मध्यंतरी फुप्फुसाचा क्षय निघाला आणि सहा महिने औषध चाललं. खोकला आधी गेला. प्रार्थना परतायला त्याहून वेळ लागला. डोळे मिटले की 'हे प्रभू' एवढंच यायचं, पुढे काही सुचायचंच नाही. तुमचंही सध्या असंच चाललं असेल, तर मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

आधी जेवणाचं बघा. बायबलमधलं पहिलं राजे हे पुस्तक, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणतो आणि तिथेच झोपी जातो. देवदूत येतो तो उपदेश करायला नव्हे. 'ऊठ, खा,' एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगराकडचा ४० दिवसांचा प्रवास आणि तिथली देवाची ती मंद वाणी, हे सगळं त्यानंतरचं.

हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातली भाकर माझ्या कधी ध्यानात राहिली नव्हती. गोळ्यांनी मळमळायचं, ताट बघवायचं नाही. सासूबाई बाजरीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून आणायच्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. त्या दिवसांतली माझी उपासना तीच होती, असं मी मनापासून मानते. तेव्हा अंगात ताकद नसताना उपास धरू नका, आणि झोप लागली तर पहाटेच्या प्रार्थनेसाठी स्वतःला उठवू नका.

प्रार्थनेला वेगळी वेळ काढणं जमत नसेल तर ती गोळ्यांना जोडा. सकाळी पाण्याचा पेला हातात असतो, तेव्हा स्तोत्रातली एकच ओळ म्हणा. मी १३ वं स्तोत्र घेतलं होतं. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांतच 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. महिनाभर मी त्या दोन वचनांपुढे गेले नाही. शेवटी देवाचं गाणं गाण्याची गोष्ट आहे, ती मला वाचवत नव्हती. वाचवत नसेल तर थांबा. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

भेटायला येणाऱ्यांना स्पष्ट सांगा, 'तुम्ही प्रार्थना करा, मी ऐकते.' यात कमीपणा नाही. मार्क अध्याय २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, छप्पर उकरून खाली सोडतात, आणि येशू त्यांचा विश्वास पाहून बोलतो. पाळकांना फोन केलात तर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घरी मिळतं. क्षयाचे सुरुवातीचे आठवडे असतील तर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

घरी आलेल्या एका माणसाने मला सांगितलं, 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर.' दोन दिवस मी त्या विचाराने झोपले नाही. कोणी असं म्हटलं तर ऐकू नका. क्षयाचं औषध अर्धवट सोडलं तर आजार उलटतो आणि पुढे औषधांना दाद देत नाही. मनात एलीयासारखं 'जीव घे' येऊ लागलं तर तेही लपवू नका. घरच्यांना, डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ वर सरकारच्या टेली मानसला फोन करा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर देवळात जा, पण लगेच गायकवृंदात उभ्या राहू नका. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. नारायण वामन टिळकांचं एक पद सुरू झालं. दोन ओळींपुरता श्वास पुरला, मग मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. उरलेली कडवी बाकीच्यांनी म्हटली.