सर्व्हरचं घड्याळ चुकतंय? आधी फरक मोजा

वेळ हातानं बदलू नका. आधी फरक किती आहे ते बघा. बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' (timedatectl) ही कमांड चालवा. त्यातली यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ; भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे) बरोबर असेल तर घड्याळ ठीक आहे, फक्त टाइमझोन चुकलाय. त्याच कमांडच्या 'सेट-टाइमझोन'नं (set-timezone) 'एशिया/कोलकाता' (Asia/Kolkata) निवडा. अशा वेळी घड्याळच फिरवलंत तर मूळ यूटीसी बिघडते आणि लॉगमधल्या नोंदींचा क्रम विस्कटतो.

फरक काही मिनिटांचा असला तर क्रोनी या, नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामची 'क्रोनीसी सोर्सेस' (chronyc sources) ही कमांड चालवून बघा. ओळीच्या सुरुवातीला तारा असलेला स्रोत सध्या वापरात असतो. 'रीच' रकान्यात ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. ० म्हणजे एकालाही नाही. मग फायरवॉल तपासा: यूडीपी पोर्ट १२३ वरून बाहेर जाता आलं पाहिजे.

स्रोत जुळल्यावरही क्रोनी वेळ सहसा हळूहळूच सरकवतं, आणि तेच चांगलं. घाई असेल तर रूट (मुख्य प्रशासक) म्हणून 'क्रोनीसी मेकस्टेप' (chronyc makestep) द्या, म्हणजे वेळ एकदम बदलते. पण घड्याळ मागे जाणार असेल तर डेटाबेस आधी थांबवाच.

वीज गेल्यावर दर वेळी तारीख जुनी दिसते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टचं, म्हणजे ती ज्या मूळ यंत्रावर चालते त्याचं, घड्याळ तपासा.