बडोद्यात घर घेण्यापूर्वी नेमकी कोणती तपासणी करून घ्यावी?

घर घेणाऱ्याला ‘सर्व्हे करून घ्या’ असा सल्ला सर्वजण देतात. परंतु जमिनीची मोजणी, बांधकामाची तपासणी आणि बँकेचे मूल्यांकन ही तीन वेगळी कामे असून ती करणारी माणसेही वेगळी असतात. बँकेचा मूल्यांकनकार केवळ तारण पुरेसे आहे का, एवढेच पाहतो. त्याचा अहवाल अनुकूल आला म्हणून घर मजबूत आहे असे समजू नये.

मोकळा भूखंड किंवा टेनामेंट (जमिनीसह स्वतंत्र वा जोडघर) घेत असाल, तर मोजणीला अग्रक्रम द्यावा. टी.पी. स्कीम (नगररचना योजना) लागू झालेल्या भागात मूळ जमिनीतून रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी क्षेत्र कापले जाऊन फायनल प्लॉट ठरतो, त्यामुळे जुन्या सात-बारावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्र जुळेलच असे नाही. फायनल प्लॉटचा क्रमांक व क्षेत्र एफ फॉर्मवरून (योजनेतील मूळ व फायनल प्लॉटची नोंद असलेल्या तक्त्यावरून) पडताळून मगच हद्द मोजून घ्यावी. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून उथळ पायाच्या घरांत दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा अभियंत्याला आवर्जून दाखवाव्यात.

रावपुरा, दांडिया बाजार किंवा वाडी भागातील जुने घर असेल, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तेथे प्रॉपर्टी कार्डावरील क्षेत्राबरोबरच दस्तऐवजातील चतुःसीमा वाचून सामाईक भिंतीवर, बोळावर आणि जिन्यावर कोणाचा हक्क आहे हे वकिलाकडून तपासावे, कारण मोजणीदार लांबी-रुंदी सांगतो, हक्क सांगत नाही. काँक्रीटच्या इमारतीत उपयोगी पडणारी रिबाउंड हॅमर चाचणी (पृष्ठभागावर ठोका देऊन मजबुतीचा अंदाज घेणे) लाकडी खांब-तुळयांच्या घरात निरुपयोगी असते. (तरीही ती करून देणारे भेटतात!) अशा घरासाठी जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच गाठावा, खांबांची बुडे आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके तो टोचून पाहतो, कारण वाळवी व ओल प्रथम तेथेच पोहोचतात. घर विश्वामित्री नदीच्या जवळपास असेल, तर ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी कोठवर आले होते हे घरमालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचारावे. नव्या रंगाखाली पाण्याची खूण दिसत नाही.

फ्लॅटच्या बाबतीत बी.यू. (इमारत वापरण्याची) परवानगी आणि मंजूर नकाशा प्रथम पाहावा. जुन्या इमारतीत स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसत असतील, तर काँक्रीटच्या चाचण्यांचा खर्च टाळू नये, आणि तपासणी एका फ्लॅटपुरती न ठेवता पार्किंगमधील खांब व गच्चीही तीत घ्यावी. हे सर्व बानाखतावर (खरेदीपूर्व करारावर) सही करण्यापूर्वीच व्हावे. नव्या फ्लॅटचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास, रेरा कायद्यानुसार बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे; म्हणून ती मुदत संपण्यापूर्वी एकदा अभियंत्याकडून लेखी अहवाल घेऊन तो बिल्डरकडे पोच घेऊन द्यावा.